दोन हजेरीपट, एक कारखाना

सावित्रीच्या काठी, महाडजवळ, सव नावाचे गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ते परगावच्या माणसांनाही ठाऊक असते. महाड-पोलादपूरच्या ह्या टापूत भातशेती माणसाला वर्षातले चार महिने गुंतवते आणि उरलेल्या आठ महिन्यांसाठी त्याला घराबाहेर ढकलते. त्यामुळे येथील कुटुंबांचा जमाखर्च शेताच्या बांधावर कधीच मिटला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीने मिटवला. आज ती मनिऑर्डर राहिली नाही आणि ती गिरणीही राहिली नाही. त्यांच्या जागी महाडची औद्योगिक वसाहत आली. रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले. आजोबा गिरणीत बदली म्हणून लागले होते, नातू ठेकेदारामार्फत कारखान्यात लागतो. एकाच पाळीत, एकाच यंत्रापाशी दोन माणसे उभी असतात. एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असते, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या. रसायनाचा वास दोघांच्या नाकात सारखाच जातो. पगाराचा आकडा मात्र सारखा नसतो.

कामगार संघटनांचे आर्थिक परिणाम काय होतात, ह्या जुन्या प्रश्नाचा विचार ह्या दोन हजेरीपटांपासूनच सुरू केला पाहिजे. एरवी हा वाद ठरावीक चाकोरीतून जातो. संघटनेमुळे उत्पादन महागते, शिस्त बिघडते, भांडवल दुसऱ्या राज्यात पळते आणि अखेरीस कामगाराचाच रोजगार जातो, असे मालकवर्ग सांगतो. कामगाराला जे काही मिळाले ते संघटनेने झगडून मिळवले, असे चळवळ सांगते. दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण ‘संघटना’ असा काही एकजिनसी पदार्थ नसतो. संघटना किती जणांची, कोणाची आणि कोणाला बाहेर ठेवून उभी राहिलेली, ह्यावर तिचे आर्थिक फळ ठरते.

प्रथम मूळ सिद्धांताकडे वळू. श्रम हीदेखील बाजारातील एक वस्तू आहे आणि तिचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरू द्यावा, असे पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. पण कांदा चार दिवस चाळीत ठेवता येतो, श्रम ठेवता येत नाही. आजचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही आणि विकणाऱ्याच्या घरची चूल तर आजच पेटवायची असते. ॲडम स्मिथला भांडवलदारांचा वैरी कोणी म्हणणार नाही. त्यानेही १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की, मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांची सदासर्वकाळ मूक एकजूट असते आणि तंटा लांबला तर मालक मजुरापेक्षा कितीतरी अधिक काळ दम धरू शकतो. पोलादपूरच्या डोंगरवाडीतून उतरणाऱ्या तरुणापुढे शंभर मालक हात जोडून उभे नसतात. एस. टी.च्या अंतरात येणारे मोजके कारखाने आणि त्यांना माणसे पुरवणारे त्याहून मोजके ठेकेदार, एवढाच त्याचा बाजार. अर्थशास्त्रात ह्याला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात. अशा बाजारात मजुरी कामगाराच्या उत्पादकतेइतकी राहत नाही; ती त्याच्या निकडीइतकी उतरते. ह्या स्थितीत संघटनेने मजुरी वर नेली, तर रोजगार घटलाच पाहिजे असा कोणताही अर्थशास्त्रीय नियम नाही. जी रक्कम आजवर केवळ कामगाराच्या अगतिकतेतून मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या खिशात जात होती, ती तिच्या धन्याकडे परत येते, इतकेच.

इतिहासही हेच सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना एकत्र आणण्यास आरंभ केला आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. त्या सुट्टीने गिरण्या बुडाल्या नाहीत. उलट पुढील दशकांत त्यांची संख्या वाढली. महाडपासून दूर नसलेल्या गोरेगावी जन्मलेले ना. म. जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत अग्रभागी होते. त्याच सुमारास मद्रासच्या एका गिरणीतील तंट्यात मालकांनी कामगार पुढाऱ्यांना न्यायालयात खेचले. संप घडवणे म्हणजे कामगारांना करारभंगाची चिथावणी देणे, असा तो दावा होता. संघटना करणे हाच जेथे गुन्हा ठरू पाहत होता, तेथे तिला कायद्याचे संरक्षण हवे, असा ठराव १९२१ मध्ये जोशींनी केंद्रीय विधिमंडळात मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. ह्या कायद्याने कामगारांना काही बहाल केले असे नाही. मालकांना पूर्वीपासून असलेली एकजुटीची मोकळीक कामगारांनाही मिळाली, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता कारखान्याची बाजू पाहू, कारण ती डावलून केलेला विचार एकांगी ठरेल. असंघटित कामगाराला कारखान्यात काही खटकले, तर त्याच्यापुढे एकच मार्ग असतो : काम सोडून जाणे. संघटित कामगाराला दुसरा मार्ग खुला होतो : बोलणे. आल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये हा भेद मांडला आणि फ्रीमन व मेडॉफ ह्या हार्वर्डच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये तो अमेरिकेतील कामगार संघटनांना लावून पाहिला. संघटनेला दोन चेहरे असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक मक्तेदाराचा, जो भाव वाढवून घेतो. दुसरा सामूहिक आवाजाचा, जो तक्रारी वेळीच व्यवस्थापनाच्या कानावर घालतो. संघटित कारखान्यांत काम सोडून जाणारे कमी, अनुभवी हात अधिक काळ टिकणारे आणि अनेक उद्योगांत उत्पादकताही सरस, असे त्यांना आढळले. नफा मात्र घटलेला आढळला. म्हणजे संघटनेमुळे निर्माण होणारी संपत्ती नेहमी आटते असे नाही. तिची वाटणी बदलते. मालकांच्या विरोधाचे मूळ पुष्कळदा उत्पादनाच्या काळजीत नसून वाटणीच्या ह्या फरकात असते.

ह्या आवाजाचे मोल रासायनिक कारखान्यात इतर कोठल्याही कारखान्यापेक्षा अधिक आहे. गळणारी झडप, बंद पडलेला पंखा, नको तेथे रचलेली पिंपे ह्या गोष्टी प्रथम दिसतात त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला. त्याने ते सांगावे की गिळावे, हे त्याची नोकरी किती पक्की आहे ह्यावर अवलंबून असते. उद्या ठेकेदाराने ‘येऊ नकोस’ म्हटले की ज्याचे काम संपते, तो माणूस सुरक्षिततेची तक्रार करील अशी अपेक्षा करणे हीच क्रूर थट्टा आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची जबाबदारी कोणाची, ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु अशा प्रत्येक घटनेनंतर एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : धोका ज्यांना आधी दिसतो, त्यांना बोलण्याची मुभा होती काय? संघटनेमुळे बुडालेल्या कामाच्या दिवसांचा हिशेब सरकारी तक्त्यांत दरवर्षी मांडला जातो. संघटना नसल्यामुळे बुडालेल्या आयुष्यांचा रकाना त्या तक्त्यांत नसतो.

तरीही दुसरा चेहरा नाकारून चालणार नाही. आपसातील चढाओढीपायी उद्योग वेठीला धरणाऱ्या संघटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. व्यवस्थापनाशी संगनमत करून करार उरकणारे पुढारीही पाहिले आहेत. बेस्ली आणि बर्जेस ह्या अभ्यासकांनी २००४ मध्ये असे मांडले की, भारतातील ज्या राज्यांनी औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या केल्या, तेथे नोंदणीकृत कारखान्यांतील उत्पादन व रोजगार मागे पडला. प्रत्येक गुंतवणूक परिषदेत ह्या निबंधाचा जप होतो. त्यातील वर्गवारी सदोष आहे, एखाददुसऱ्या किरकोळ दुरुस्तीवरून आख्ख्या राज्याला ‘कामगारधार्जिणे’ ठरवले आहे, हा आदित्य भट्टाचार्य ह्यांनी २००६ मध्ये घेतलेला सविस्तर आक्षेप मात्र तेथे कोणी उच्चारत नाही. शिवाय वार्षिक औद्योगिक पाहणीचे आकडे वेगळीच कहाणी सांगतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी संघटित कारखानदारीच्या निव्वळ मूल्यवृद्धीत कामगारांच्या वेतनाचा वाटा सुमारे ३० टक्के होता. पुढच्या पंचवीस-एक वर्षांत तो सुमारे १० टक्क्यांपर्यंत घसरला. ज्या संघटनांनी उद्योगाचा गळा आवळला असे म्हणतात, त्यांच्या हातून त्याच काळात वाट्याचे दोन तृतीयांश निसटले. ह्याला गळा आवळणे म्हणावयाचे की हात सुटणे?

हात का सुटले? ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ मालकांच्या कारस्थानात शोधणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. उत्तराचा एक मोठा भाग संघटनांच्या घडणीतच आहे आणि त्याचा पहिला पाठ महाडनेच शिकवला होता.

१९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच्या उभारणीत ज्यांचा पुढाकार होता ते रा. बा. मोरे ह्याच परिसरातले; दासगाव-महाडच्या मातीत वाढलेले. पुढे ते मुंबईच्या कामगार चळवळीत शिरले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. सत्याग्रहाच्या दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला; सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईत, पगार चांगला. पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. हा मज्जाव मालकाने घातलेला नव्हता. तो शेजारी उभ्या राहणाऱ्या सवर्ण कामगारांनी घातलेला होता. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे, ही मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. त्या आग्रहात सामाजिक न्याय तर होताच, पण कठोर अर्थशास्त्रही होते. ज्याला चांगल्या खात्याचे दार बंद आहे, तो पडेल त्या मजुरीवर राबणार. आणि ज्याला संपाच्या विजयात वाटा नाही, त्याने संपाच्या उपासमारीत वाटा का घ्यावा? जातीच्या भिंतीने एका गिरणीत दोन श्रमबाजार निर्माण केले होते. स्वस्त बाजार महाग बाजाराच्या उरावर नेहमीच बसतो.

दुसरा पाठ १८ जानेवारी १९८२ पासूनचा. डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. कोकणातली हजारो माणसे गावी परतली, शेताच्या तुकड्यावर आणि उधारीवर दिवस काढू लागली. संप जितका लालबाग-परळने लढवला तितकाच तो रायगड-रत्नागिरीच्या गावांनी पोसला. मागण्या रास्त होत्या. बदली कामगारांची टांगती नोकरी ही खरी व्यथा होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघाला प्रातिनिधित्वाचा मक्ता दिला होता आणि कामगारांचा विश्वास उडाल्यावरही तो मक्ता हटत नव्हता, हीदेखील वस्तुस्थिती होती. तरी संप हरला. सरकारची ताठर भूमिका, यंत्रसामग्रीवर वर्षानुवर्षे खर्च न करणारे मालक, गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला येऊ लागलेला भाव ही कारणे सर्वांना पाठ आहेत. परंतु आणखी एक कारण होते आणि ते भिवंडीत खडखडत होते. यंत्रमागावर, बारा-बारा तास, ना भविष्यनिर्वाह निधी ना रजा, अशा स्थितीत राबणारा कामगार गिरणी कामगारांच्या कोणत्याही संघात नव्हता. गिरण्या बंद राहिल्या तरी बाजारात कापड येत राहिले. लालबागच्या लढ्याचा निकाल भिवंडीच्या मजुरीने लावला. भिवंडीच्या कामगाराने दगा दिला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला कोणी कधी आपले म्हटलेच नव्हते.

आजचा ठेकेदारी कामगार म्हणजे कारखान्याच्या आत आणून ठेवलेली भिवंडीच आहे. देशातील संघटित कारखानदारीत ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांचे प्रमाण आता सुमारे ४० टक्क्यांवर गेले आहे. हे कसे घडते त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, कायम कामगारामागे कारखान्याला १०० रुपये पडतात आणि ठेक्यावरच्या कामगारामागे ४०. दोघांत अंतर ६० चे. युनियनने करार करून दर जोडीमागे २० रुपयांची वाढ मिळवली आणि ती सगळी कायम कामगाराला दिली, तर आकडे १२० आणि ४० होतात. अंतर ८० वर जाते. कायम माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी ठेक्याचा माणूस घेण्याचा मोह कारखान्याला पूर्वीपेक्षा अधिक होतो. तेच २० रुपये कायम कामगाराला ५ आणि ठेक्याच्या कामगाराला १५ असे वाटले, तर आकडे १०५ आणि ५५ होतात. अंतर ५० वर येते. कारखान्याचा खर्च दोन्ही करारांत तेवढाच. पण पहिला करार युनियनची कबर खणतो आणि दुसरा तिचा पाया भरतो. तीन-तीन वर्षांचे दिमाखदार करार करून गुलाल उधळणाऱ्या किती संघटना ह्या गणिताने पोखरल्या गेल्या, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरी मारली तरी दिसेल. करार वाढत गेला, सभासद घटत गेले.

येथे कोणी म्हणेल की, विखुरलेल्या, ठेकेदाराच्या हाताखालच्या, आज येथे उद्या तेथे अशा माणसांची संघटना होणेच अशक्य. महाराष्ट्राच्या अनुभवाने ह्याचे उत्तर दिलेले आहे. पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाइतका विखुरलेला कामगार दुसरा नव्हता. त्याला मालक एक नव्हता, कामाची जागा एक नव्हती. अण्णासाहेब पाटील ह्यांनी अशा कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाकडून घेऊन तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी, अशी ती योजना. काम कोणत्या गाळ्यात केले ह्याला महत्त्व उरले नाही. दर सगळीकडे एक झाला. व्यापाऱ्यांना स्वस्त हमाल शोधत फिरण्याचे कारण उरले नाही आणि बाजारही बंद पडले नाहीत. पुढे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, हे लपवण्याचे कारण नाही. रोग झाला म्हणून अवयव छाटत नाहीत, रोगावर इलाज करतात. तत्त्व मात्र शाबूत आहे : मजुरी जेव्हा स्पर्धेच्या बाहेर काढली जाते, तेव्हा कारखान्यांना स्पर्धा यंत्रात, तंत्रात आणि व्यवस्थापनात करावी लागते. जो उद्योग केवळ कामगाराच्या दारिद्र्यावर नफा मिळवतो, त्याला कार्यक्षम म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

ह्या पार्श्वभूमीवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार कामगार संहितांकडे पाहिले पाहिजे. औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्व उद्योगांना लागू केली. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करण्याला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. ठेकेदारांना लागू होणारी कामगारसंख्येची मर्यादा केंद्रीय कायद्यात २० होती, ती ५० झाली. ह्यावर चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. पण एका कलमाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवण्यासाठी संघटनेला कारखान्याच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागेल. हजेरीपट कोणता? कंपनीचा. ज्यांची नावे ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत, ते ह्या मोजणीत धरलेच जाणार नाहीत. निम्म्या कारखान्याच्या निम्म्याहून किंचित अधिक माणसांनी केलेला करार सबंध कारखान्याचा म्हणून मिरवेल. ज्या संघटना ह्या सोयीवर समाधान मानतील, त्या १९४६ च्या कायद्याखालील मक्तेदार संघांच्याच वाटेने जातील : मान्यता हातात, माणसे हाताबाहेर.

म्हणून संहितांच्या निषेधाचे ठराव करून थांबता येणार नाही. कार्यकर्त्यांपुढील काम साधे आहे आणि म्हणूनच कठीण आहे. प्रत्येक युनियनने आपली घटना काढून पाहावी; ठेकेदाराच्या कामगाराला सभासदत्वाचे दार उघडे नसेल, तर ते पहिल्या सर्वसाधारण सभेत उघडावे. मागणीपत्रातील पहिले कलम समान कामाला समान वेतनाचे असावे, आणि वाढीचा मोठा हिस्सा खालच्या पायरीवर जावा, असे कायम कामगारांना पटवून द्यावे. हे पटवणे सोपे नाही. कायम कामगारही कर्जाच्या हप्त्यांखाली वाकलेला असतो. पाच रुपये घे आणि पंधरा शेजाऱ्याला जाऊ दे, हे त्याला सांगताना द्वारसभेत टाळ्या पडणार नाहीत. पण त्याचाच मुलगा उद्या कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढणार आहे, हे त्याला आकड्यांनिशी दाखवता येते. औद्योगिक वसाहतीतील ठेकेदारी कामगारांसाठी कारखान्यानुसार नव्हे, तर सबंध वसाहतीसाठी एक मंडळ, एक दर आणि एक नोंदणी असावी, ही माथाडी कायद्याच्या धर्तीवरील मागणी तालुक्या-तालुक्यातून उठली पाहिजे.

संघटना कामगाराला काय देते आणि उद्योगाकडून काय घेते, ह्याचा ताळेबंद अर्थशास्त्री मांडत राहतील. त्या ताळेबंदाची एक बाजू मात्र संघटनेच्या स्वतःच्या हातात आहे. अरुंद संघटना थोड्यांची मिरास होते आणि अखेरीस त्या थोड्यांनाही वाचवू शकत नाही. रुंद संघटना सर्वांची मजुरी वर उचलते आणि उद्योगालाही सुधारण्यास भाग पाडते. तळ्याचे पाणी सर्वांचे, हे महाडने १९२७ मध्ये देशाला सांगितले. युनियनचे सभासदत्व सर्वांचे, हे सांगण्याची पाळीही आज महाड-पोलादपूरच्याच कामगारांवर आली आहे.